रक्तातला विळा आणि सोयरीक

मुलगी पाहायला गेलेली मंडळी शिक्षण विचारतात, नोकरी विचारतात, शेती किती एकर तेही विचारतात. पण कुणी ‘मुलामुलीची सिकलसेलची तपासणी झाली आहे काय?’ असे विचारले की बैठक गप्प होते. आमच्या मुलीत खोट काढता काय, असा मुलीच्या बापाचा चेहरा होतो. विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार बराच आढळतो. सोयरीक बहुधा आपसातच होते, म्हणून हे गप्प बसणे फार महागात पडते.

रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन कसे घडवायचे, याचा नमुना जनुकांत असतो. त्याच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. जनुकातले एक अक्षर बदलले की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. चूक एवढीच. पण प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटते आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. बारीक रक्तवाहिनीत ती अडकते. मग हातपाय, पाठ, छाती, पोट ठणकू लागते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ बरे दिसते, कारण आईच्या पोटात असतानाचे वेगळे हिमोग्लोबिन त्याच्या रक्तात अजून शिल्लक असते. पुढे बोटे सुजतात, लेकरू रात्ररात्र रडते, आणि घरचे लोक ‘बाहेरचे’ झाले म्हणून अंगारा लावत बसतात!

हे जनुक आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. जिथे हिवताप फार, तिथे ते टिकले. कारण एकच सदोष जनुक असलेल्याला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. ॲलिसन या डॉक्टराने १९५४ साली हे दाखवून दिले. तेव्हा कुण्या जातीचे रक्त खराब, असे म्हणणाऱ्याने आधी हे वाचावे.

आता सासरच्यांनी नीट ऐकावे. प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एकच प्रत सदोष असेल तर तो वाहक. तो सहसा आजारी नसतो, रिपोर्टात ‘एएस’ लिहिलेले असते. दोन्ही सदोष असल्या तर ‘एसएस’, म्हणजे आजार. म्हणजेच ‘एसएस’ मुलाला एक प्रत बापाने दिलेलीच असते. तरी ‘हिनेच रोग आणला’ म्हणून सुनेला माहेरी धाडतात आणि मुलासाठी दुसरी पाहतात.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची असते. पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली, असा हिशेब चालत नाही. प्रत्येक वेळी तो नव्याने सुरू होतो. वाहकाने लग्न करूच नये असे मुळीच नाही. जोडीदार निर्दोष असेल तर मुले आजारी होत नाहीत. मात्र जोडीदाराच्या रक्तात थॅलेसेमियाचे जनुक असेल तर धोका राहतो, म्हणून तेही तपासावे.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. आजाऱ्याला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी वेदनेचे झटके कमी येतात. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, ताप आला तर घरी थांबू नये. २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वात धरला आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आणि दोघेही वाहक असताना लग्न झालेच असेल, तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावे. पोटातल्या बाळाची तपासणी १० ते १२ व्या आठवड्याच्या सुमारास करता येते. पाचव्या महिन्यात जाऊन ‘आता काय करावे?’ विचारले तर फार उशीर झालेला असतो.