पत्ता कोणत्या देशाचा?

२०१४च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या काही लोकांना एक चमत्कारिक अनुभव आला. त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर सेवेवर अमेरिकेतलेच सर्व्हर भाड्यानं घेतले होते, पण तिथून वेबसाइट उघडली की ती त्यांना ब्राझीलचे रहिवासी समजे. सर्व्हर जागचे हलले नव्हते. कंपनीनं खुलासा केला की, अमेरिकेसाठी मिळालेले आयपीव्ही४ पत्ते संपले, म्हणून जगात इतरत्र नोंदवलेले पत्ते तिथे वापरायला घेतले आहेत.

अनेक देशांत कारभार असलेल्या कंपन्यांपुढचा सगळा गुंता या प्रसंगात आहे. आयपी पत्ता हा निव्वळ एक आकडा असतो आणि त्या आकड्यात देशाचा संकेत कुठेच नसतो. राउटर फक्त एवढंच बघतो की, हा पत्ता आपल्याकडे असल्याचं कोणतं नेटवर्क जाहीर करतंय. देशाचं नाव असतं ते नोंदवहीत. नोंद एका देशात आणि वापर दुसऱ्या देशात, असं तांत्रिकदृष्ट्या सहज होऊ शकतं. ते कितपत होऊ द्यायचं, हा धोरणाचा प्रश्न आहे.

पत्त्यांची वाटणी वरून खाली होते. सर्वात वर आयाना. तिच्याखाली पाच प्रादेशिक रजिस्ट्री: युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियासाठी राइप एनसीसी, आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक, उत्तर अमेरिकेसाठी आरिन, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक. एपनिकच्या प्रदेशात काही देशांची स्वतःची रजिस्ट्रीही आहे. भारतात ते काम निक्सी या संस्थेच्या छत्राखालची इर्निन करते. या पाच प्रादेशिक रजिस्ट्री सरकारी खाती नाहीत. त्यांचे वाटपाचे नियम त्या त्या प्रदेशातले नेटवर्क चालवणारे लोक खुल्या चर्चेतून ठरवतात. म्हणून पाच ठिकाणी पाच तऱ्हा आहेत.

आयपीव्ही४चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आयानानं आपल्याकडचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाचही रजिस्ट्रींना एकेक देऊन टाकले. एपनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आली आणि तेव्हापासून तिथे रेशनिंग सुरू झालं. आरिनचा मोकळा साठा २०१५मध्ये आटला, राइप एनसीसीचा २०१९मध्ये.

आता समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे सर्व्हर मुंबई, सिंगापूर, फ्रँकफर्ट आणि व्हर्जिनिया अशा चार ठिकाणी आहेत. तिला स्वतःचे पत्ते हवेत, कारण भाड्यानं सेवा देणारी कंपनी बदलली तरी पत्ते बदलू नयेत. ती एपनिककडे अर्ज करते. एपनिकच्या आजच्या नियमानुसार नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ आयपीव्ही४ पत्ते मिळतात. एवढ्या पत्त्यांचा गठ्ठा ‘/२३’ असा लिहितात. सर्व्हर मोजके असतील तर ५१२ पत्ते पुरतीलही, आणि कंपनीला वाटतं, काम झालं.

अडचण येते ती वाटून घेताना. इंटरनेटवरचे बहुतेक राउटर २५६ पत्त्यांपेक्षा, म्हणजे ‘/२४’पेक्षा, लहान तुकड्याची वेगळी जाहिरात स्वीकारत नाहीत. जगभरचे मार्गांचे तक्ते आवाक्याबाहेर फुगू नयेत म्हणून हा रिवाज पडला. त्यामुळे ५१२चे दोनच तुकडे होतात: एक मुंबईला, एक सिंगापूरला. फ्रँकफर्ट आणि व्हर्जिनियाला काही उरत नाही. प्रत्येक ठिकाणी वीस-वीसच सर्व्हर असले तरी चार ठिकाणांना चार ‘/२४’ लागतात, म्हणजे १०२४ पत्ते. पत्त्यांचा तुटवडा अनेक कंपन्यांना असा जाणवतो: एकूण पत्ते पुरेसे असतात, ठिकाणांना पुरे पडत नाहीत. अर्ज लिहिताना सर्व्हर मोजण्याआधी ठिकाणं मोजावीत, असं मी आवर्जून सांगेन.

उरलेल्या दोन ठिकाणांसाठी मग तिथल्या रजिस्ट्रीचं दार ठोठावायचं. राइप एनसीसीची मुख्य अट सुटसुटीत आहे: पत्ते वापरणाऱ्या नेटवर्कचा निदान एक चालू भाग तिच्या प्रदेशात असला पाहिजे. फ्रँकफर्टमधला चालता राउटर ती अट पुरी करतो. पण तिथे आता प्रतीक्षायादी आहे, आणि ज्याला पूर्वी काहीच मिळालेलं नाही त्यालाच एक ‘/२४’ मिळतो. आरिन जास्त खोलात जाते. कंपनीची तिच्या प्रदेशात कायदेशीर नोंदणी लागते. आरिनकडचे पत्ते बाहेरच्या देशात वापरायचे, ती गरज दाखवून आणखी पत्ते मागायचे, तर त्या प्रदेशाशी खरं आणि भरीव नातं असल्याचं दाखवावं लागतं, आणि निदान १०२४ आयपीव्ही४ पत्ते प्रदेशातच वापरात असावे लागतात. मला हा नियम आवडतो. बाहेर वापरायला तो सरसकट मनाई करत नाही, पण मुळं कुठे आहेत हे विचारतो आणि त्याचं माप आकड्यात सांगतो. ज्या कंपनीचा कारभार खरोखर तिथे आहे तिला या अटीची धास्ती वाटायचं कारण नाही.

वाट बघायची नसेल तर बाजार आहे. २०११मध्ये दिवाळखोर नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टनं ७५ लाख डॉलरना घेतले. अशा खरेदीत पत्ते एका रजिस्ट्रीच्या प्रदेशातून दुसरीच्या प्रदेशात जाणार असतील तर देणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही रजिस्ट्रींच्या अटी पाळाव्या लागतात. आरिनकडचे पत्ते राइपच्या प्रदेशात न्यायचे तर पाच वर्षांत त्यातले निदान निम्मे वापरण्याचा आराखडा द्यावा लागतो.

या साऱ्या व्यवहाराला आधार नोंदवहीचा. नोंदवही म्हणजे पत्त्यांचा सातबारा: तो चुकला की जमीन जागेवर असूनही हक्काचा वाद उभा राहतो. असा वाद आफ्रिकेत पेटला. सेशेल्समध्ये नोंदवलेल्या एका कंपनीला २०१३ ते २०१६ या काळात आफ्रिनिककडून सुमारे ६२ लाख पत्ते मिळाले. ते मोठ्या प्रमाणात आफ्रिकेबाहेर वापरले जातात, असा आफ्रिनिकचा आक्षेप होता. करारात तशी बंदी नाही, असं कंपनीचं म्हणणं. २०२१मध्ये प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयात गेलं, आफ्रिनिकची बँक खाती काही काळ गोठवली गेली. पुढे संचालक मंडळच उरलं नाही आणि २०२३मध्ये न्यायालयानं रिसीव्हर नेमण्याचा आदेश दिला. एका खंडाची नोंदवही अनेक वर्षं अधांतरी राहिली. पत्ते कुठे वापरायचे याबद्दलची वाक्यं करारात संदिग्ध ठेवली, तर केवढी किंमत मोजावी लागते हे इथे दिसलं. याची झळ तिथल्या लहान नेटवर्कना बसली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पत्ते हाती आल्यावर दोन कागदोपत्री कामं कधीही टाळू नयेत. पहिलं, सही केलेली परवानगी, जिला रोआ म्हणतात. अमुक ब्लॉक अमुक नेटवर्क जाहीर करू शकतं, असं तीत नोंदवतात. आपल्या पुण्याच्या कंपनीनं रोआ फक्त ‘/२३’साठी काढला आणि मुंबई-सिंगापूरहून दोन ‘/२४’ वेगवेगळे जाहीर केले, तर काटेकोर तपासणी करणारी नेटवर्क दोन्ही जाहिराती अवैध ठरवून टाकून देतील. सर्व्हर चालू, वायर जोडलेली, तरी जगाच्या काही भागांतून साइट दिसत नाही. रोआ त्या दोन तुकड्यांसाठी वेगवेगळे काढावेत.

दुसरं काम जिओफीडचं. नोंदवहीत देशाचा रकाना असतो खरा, पण तो कंपनीचा देश की सर्व्हरचा, हे राइपच्या नोंदवहीत कधीच ठरवलेलं नाही. म्हणून कंपनी स्वतः एक साधी फाइल प्रसिद्ध करते. तिच्यात ओळीमागून ओळ असते: पत्त्यांचा ब्लॉक, देश, राज्य, शहर. ‘२०३.०.११३.०/२४, आयएन, आयएन-एमएच, मुंबई’ अशी. पत्त्यावरून ठिकाण ओळखणाऱ्या सेवा ती वाचू शकतात. या फाइलचा नमुना २०२०मध्ये ठरला. अ‍ॅझ्युअरच्या त्या ग्राहकांच्या वेळी तो ठरलेला नव्हता.

पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६मध्ये, ठिकाणं मोजायची वेळच येत नाही. तिथला नेहमीचा ‘/३२’ ब्लॉक जगभर चालणाऱ्या ‘/४८’च्या तुकड्यांत वाटला तर ६५,५३६ ठिकाणांना पुरतो. एकाच रजिस्ट्रीकडून घेतलेल्या एका ब्लॉकवर आपल्या कंपनीची चारही ठिकाणं आयपीव्ही६पुरती उभी राहतात. नोंद एकीकडे, वापर चार देशांत, हा प्रश्न तिथेही आहे, म्हणून रोआ आणि जिओफीड तिथेही लागतात. पण तिथे पत्ता दुर्मीळ नसल्यानं तो अडवून किंवा भाड्यानं देऊन कमवायला कुणाला जागा उरत नाही. आयपीव्ही४ अजून काही वर्षं बरोबर वागवावं लागेल. तरी नवं ठिकाण उघडताना आयपीव्ही६ आधी चालू करावं आणि आयपीव्ही४चा ‘/२४’ ज्या ठिकाणी ग्राहक खरोखर मागतात तिथेच खर्ची घालावा.