डोंगर, उघाडी, खाडी

ठाणे-रायगडच्या आगरी शेतकऱ्यांकडे एक नेमका शब्द आहे : उघाडी. खाडीकाठच्या बांधात बसवलेली ही झडप. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरती चढली की बाहेरच्या दाबाने मिटते. खाजणातली भातशेती तिच्याच भरवशावर पिकली.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. पारसिकच्या डोंगरातून धावत येणारं पावसाचं पाणी पश्चिमेला ठाणे खाडीकडे जातं आणि वाटेत आता हे सखल शहर आहे. म्हणून सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव खोदले. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत उतरतं. उघाडीचंच हे मोठं रूप.

पाण्याच्या अशा वाटांवर हिरवळ कुठे पसरावी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. खारघरला पांडवकड्याच्या परिसरात डोंगरपायथ्याशी गोल्फ कोर्स आहे. काँक्रीटपेक्षा गवत बरं, हे मान्य. पण एकाच जातीचं, सतत कापलेलं गवत म्हणजे रान नव्हे. त्याला उन्हाळाभर पाणी लागतं, खत आणि तणनाशक लागतं, आणि यातलं उरलंसुरलं पहिल्या पावसात ओढ्याने खाली येतं.

खाडीकाठी, नेरुळच्या एनआरआय संकुलाजवळ आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेपाशी, पाणथळ जागा आहेत. तिथे गोल्फ कोर्स आणि निवासी इमारतींची योजना आली. रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्ते कोर्टात गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बांधकामाची वाट मोकळी करणारी अधिसूचना रद्द केली. माझ्या मते नवी मुंबईच्या इतिहासातला हा फार मोलाचा निकाल आहे.

तिथे नुसता चिखल तर आहे, असं कुणी म्हणेल. त्या चिखलात निवटे आणि चिंबोऱ्या वाढतात, कडेला तिवरं उभी असतात. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, ओहोटीला ठाणे खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. भरतीने तो चिखल बुडाला की त्यांना टेकायला उथळ पाणी लागतं आणि ते या काठच्या तळ्यांवर येतात. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळाला, पण भरतीच्या त्या काही तासांचा आसरा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिला.

तळं मारायला भराव टाकावाच लागतो असं नाही. नुसती भरतीची वाट बुजवली तरी पुरतं. शेजारच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) तलावात नेमकं तेच झालं. खाडीचं पाणी आत येईना, तळं आटलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मरून पडले. माणसं पुन्हा रस्त्यावर आली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या ३० एकर तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली.

नवी मुंबईत राहत असाल तर एकदा भरतीच्या वेळी या काठावर जा आणि पाणी आत शिरतंय का, ते पाहा. शिरत नसेल, तर महापालिकेला त्याच दिवशी लेखी कळवा.