नांगराने वसवलेली वाडी



मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की सांगली, भिलवडी मागे पडतात आणि किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. आज हा सगळा मुलूख उसाचा. पण १९१० साली या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं आणि शेजारी नुसता उजाड माळ पसरलेला होता. आपली बहुतेक गावं नदीकाठी, नाहीतर गढीच्या आसऱ्याला वसली. ही वाडी वसली ती लोखंडी नांगराच्या जोरावर. म्हणूनच तिची हकिकत या अंकात देत आहोत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा कारखाना आधी बेळगावात होता. कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर तिथं तयार होत. माल चोख होता, पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला तब्बल दोन वर्षं लागली! आपल्या आजे-पणज्यांना हसण्याचं कारण नाही. नवीन बेणं आलं की आपणही आधी शेजाऱ्याचं पीक बघतो, मगच हात घालतो.

धंद्याचा जम बसतोय तोवर कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी हवी झाली. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठं? त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनालगत, ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि नागांची वस्ती! १० मार्च १९१० रोजी तिथं कारखान्याचा मुहूर्त झाला.

लक्ष्मणरावांबरोबर सुमारे २५ कामगार आपापली बिऱ्हाडं घेऊन या माळावर आले. बाजारपेठेचं गाव सोडून निवडुंगात संसार मांडायचा, म्हणजे त्या घरच्या बायाबापड्यांची काय छाती असेल, विचार करा. त्यांनी रान साफ केलं, राहायला निवारा केला आणि यंत्रं चालू केली. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी जवळ केलं आणि रात्रीची राखण त्यांच्यावरच सोपवली. ज्यांना गावानं दाराशी उभं केलं नसतं, त्यांच्या भरवशावर अख्खी वाडी निर्धास्त झोपू लागली.

पुढं नांगराचा बोलबाला झाला. खोल नांगरट झाली की उसाची मुळी खाली जाते, हे रानात दिसलं आणि विषाची भाषा आपोआप बंद पडली. वाडीतले उसाचे चरकही गुऱ्हाळांवर गेले. १९२० साली कारखान्यानं ‘किर्लोस्कर खबर’ नावाची छोटी पत्रिका काढली. तिचंच पुढं महाराष्ट्राला माहीत असलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. स्टेशनालाही वाडीचंच नाव मिळालं.

या वाडीची नोंद राहिली, कारण तिथल्या माणसांनी ती लिहून ठेवली. आपल्या कारखान्याची जागाही एकेकाळी माळच होती. पहिला शेअर कुणी बैल विकून घेतला, पायाभरणीला कुणाच्या गाड्या राबल्या, पहिल्या गळिताला कोण रात्रभर जागलं, हे सांगणारे सभासद आता थोडेच उरलेत. आमची विनंती एवढीच, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि त्यांची आठवण लिहून पत्रिकेकडे पाठवा. लिहिणं जमत नसेल तर गट ऑफिसात या. आपला चिटबॉय लिहून घेईल. पुढच्या अंकांत आम्ही त्यांना जागा राखून ठेवत आहोत.