एका मनोऱ्याचं कॅथेड्रल

जुन्या गोव्यात सहलीची बस थांबली की सूचना ठरलेली असते : आधी बॉम जेझस बघून घ्या, वेळ उरला तर समोरचं. बॉम जेझसमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, त्यामुळे रांग तिकडे लागते. समोरचं म्हणजे से कॅथेड्रल. तिथे येणारे वेदीचा एक फोटो काढतात, मान वर करून छत बघतात, ‘केवढं मोठं आहे’ म्हणतात आणि बसकडे वळतात. माझं मत उलटं आहे. जुन्या गोव्यात एकच वास्तू बघायला वेळ असेल तर कॅथेड्रल बघावं, आणि त्याला तास-दीड तास द्यावा. बॉम जेझस एका संताची गोष्ट सांगतं. पोर्तुगीजांचं हे बंदर कोणाच्या पैशावर, कोणाच्या धाकावर आणि कोणत्या भाषेत चाललं, ते कळतं कॅथेड्रलमध्ये.

आम्ही चारठाण्याकडची माणसं जुनी वास्तू म्हटली की काळा दगड शोधतो. जिंतूर तालुक्यातल्या या गावातली जुनी मंदिरं असोत की गावातला तो उंच कोरीव स्तंभ, सगळं काळ्या दगडातलं, बिनगिलाव्याचं. दगडावर चुना फासला की आमच्याकडे हळहळतात. त्यामुळे से कॅथेड्रलचा पांढराशुभ्र दर्शनी भाग पहिल्यांदा बघताना मन जरा बिचकतं. पण इथला दगड जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवेवर कडक होणारा, तरी भोकाभोकांचा आणि पाणी पिणारा. गोव्याच्या पावसात जांभ्याची भिंत उघडी ठेवून चालत नाही, तिला चुन्याचा गिलावा लागतोच. पलीकडचं बॉम जेझस तपकिरी दिसतं ते मुळात तसं नव्हतं. 1950 च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदानं त्याचा गिलावा काढून टाकला, कारण इमारत जुनी दिसायला हवी होती. तेव्हापासून त्या भिंती पावसात भिजतायत आणि गिलावा पुन्हा चढवावा की नको यावर वाद चाललाय. पर्यटकांना मात्र तोच तपकिरी रंग अस्सल वाटतो. त्या बासिलिकेच्या दर्शनी भागावरच्या कोरीव कामासाठी काळा दगड लागला, तो वसईहून जहाजानं आणला असं सांगतात. कोरायचं म्हटलं की शेवटी आमच्याच जातीचा दगड लागतो, एवढं समाधान मराठवाड्याच्या माणसानं तिथे करून घ्यावं.

आकार मोठा असला म्हणून कोणतंही चर्च कॅथेड्रल होत नाही. जिथे बिशपचं आसन, ते कॅथेड्रल. गोव्याला 1534 मध्ये बिशपचं क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली, आणि त्या क्षेत्राची हद्द आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत होती. एवढ्या मुलखाचं आसन सुरुवातीला होतं नदीकाठच्या एका साध्या चॅपेलमध्ये. अफोन्सो द आल्बुकर्कनं 25 नोव्हेंबर 1510 रोजी आदिलशहाकडून गोवा घेतला. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा, म्हणून ते चॅपेल तिच्या नावाचं. पुढे कॅथेड्रलही तिलाच अर्पण झालं. आज मुख्य वेदीच्या सोनेरी महिरपीत तिच्या आयुष्याचे आणि हौतात्म्याचे प्रसंग कोरलेले दिसतात. पाहणाऱ्याला नुसतं सोनं दिसतं. जवळ जाऊन एकेक चौकट वाचायला लागलं की कळतं, ही एका नगरविजयाची कायमची जाहिरात आहे. गाव जिंकला तो दिवस वेदीवर बसवलाय.

बांधकाम 1562 मध्ये राजा सेबास्तियांवच्या काळात सुरू झालं. खर्च राजाच्या मालमत्तेच्या विक्रीतून काढला. मुख्य इमारत 1619 पर्यंत उभी राहिली, वेद्या पुऱ्या व्हायला 1652 उजाडलं. लांबी सुमारे 76 मीटर, रुंदी 55 मीटर, दर्शनी भागाची उंची 35 मीटर. आत दोन्ही बाजूंना मिळून आठ उपचॅपेलं आणि एकूण पंधरा वेद्या. यातल्या एका चॅपेलमध्ये चमत्काराचा क्रूस आहे. 1619 मध्ये एका टेकडीवर या क्रूसावर ख्रिस्तानं दर्शन दिलं अशी श्रद्धा आहे, आणि तो वाढत राहिला असंही सांगतात. बाप्तिस्म्याचं एक दगडी पात्र आहे, त्यात खुद्द झेवियरनं लोकांना बाप्तिस्मा दिला म्हणतात. झेवियर वारला 1552 मध्ये, आणि या इमारतीचा पाया त्यानंतर दहा वर्षांनी घातला गेला. तेव्हा पात्र खरंच त्याच्या हातचं असेल तर ते दुसरीकडून इथे आणलेलं असणार. वाटाड्यांना हे विचारू नये. ते नाराज होतात.

बाहेर येऊन हिरवळीवरून मागे वळून बघितलं की कॅथेड्रलला एकच मनोरा आहे हे लक्षात येतं. दोन होते. एक 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. एक शिंग गेलेल्या बैलासारखी ही इमारत अडीचशे वर्षं तशीच उभी आहे. न बांधण्याचं कारण साधं : तोवर बांधायला कोणी उरलंच नव्हतं. एके काळी या शहराची वस्ती दोन लाखांच्या घरात होती असं सांगतात. मग मांडवी गाळानं भरत गेली, हिवताप आणि पटकीच्या साथी येत राहिल्या, डचांनी समुद्रावरचा व्यापार तोडला. व्हिसरॉयनं आपला मुक्काम 1695 मध्ये शहराबाहेर पणेलीला हलवला, 1759 मध्ये पणजीला. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. 1835 मध्ये ख्रिस्ती संन्याशांचे संघ बंद केल्यावर त्यांचे मठही ओस पडले. जवळच्या टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा उरलेला अर्धा मनोरा आहे. त्या चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं. कॅथेड्रल वाचलं, कारण ते संन्याशांचं नव्हतं, आर्चबिशपचं होतं. आजही तिथे कोकणीत मिस्सा होते. आर्चबिशप स्वतः राहतात पणजीला, आल्तिनोवर.

उरलेल्या मनोऱ्यातल्या घंटेला सोनेरी घंटा म्हणतात. ती कुंकळ्ळीत 1652 मध्ये ओतली. कुंकळ्ळी म्हटलं की गोव्याच्या माणसाला घंटा नाही, 15 जुलै 1583 आठवतो. देवळं पाडल्यानं चिडलेल्या गावकऱ्यांनी त्या दिवशी पाच जेझुइट पाद्रींना मारलं. त्यांतला रुदोल्फो आक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. त्यानंतर सत्तर वर्षांच्या आत त्याच गावात आर्चबिशपच्या कॅथेड्रलची घंटा ओतली जात होती. कुंकळ्ळीतल्या ओतकामगारांच्या मनात तेव्हा काय होतं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

कॅथेड्रलची मोठी घंटा वाजली की शहर सावध व्हायचं, कारण इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या जाहीर शिक्षेची हाकही तीच देई. गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना 1560 मध्ये झाली आणि मधला थोडा काळ सोडला तर ते 1812 पर्यंत चाललं. त्याचा वाडा कॅथेड्रलपुढच्या चौकालगत होता. आज त्याचा मागमूस नाही. शार्ल देलाँ हा फ्रेंच डॉक्टर या वाड्यातल्या कोठडीत होता. 12 जानेवारी 1676 च्या कैद्यांच्या मिरवणुकीत तो स्वतः अनवाणी चालला, आणि सुटल्यावर 1687 मध्ये त्यानं त्यावर पुस्तक छापलं. पहाटे कॅथेड्रलची घंटा वाजली आणि कैदी बाहेर काढले गेले, असं त्यात आलंय. मिरवणूक गेली ती शेजारच्या सेंट फ्रान्सिसच्या (हा झेवियर नव्हे) चर्चमध्ये. आज कॅथेड्रलला लागूनच असलेल्या त्या चर्चच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे वीरगळ आणि मूर्ती मांडल्या आहेत, आणि वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर-व्हिसरॉयांच्या तसबिरी. पाडलेल्या देवळांतल्या आणि पाडणाऱ्यांच्या राज्यातल्या वस्तू एका छपराखाली. फलकांवर वाद घातलेला नाही, हे मला बरं वाटलं. ज्याचं त्यानं बघावं.

मराठी वाचकाला मात्र इथे जायला सगळ्यात मोठं निमित्त आहे एका इंग्रजाचं. थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आला. भारतात राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचं नाव घेतात. त्याच्या मायदेशी तेव्हा कॅथलिक असणं धोक्याचं होतं. थोड्याच वर्षांत तिथे कॅथलिक पाद्रीनं पाऊल ठेवणं हाच राजद्रोह ठरला. इंग्लंडात कॅथलिक बिशपांची घडी पुन्हा बसली ती 1850 मध्ये, आणि पोर्ट्समथसारख्या जुन्या आरमारी बंदरात कॅथलिक कॅथेड्रल उघडलं ते 1882 मध्ये. म्हणजे स्टीफन्स आपल्या देशातल्या एकाही बंदरात ज्या इमारतीची कल्पना करू शकत नव्हता, ती इमारत त्याच्या डोळ्यांदेखत इथे वर चढत होती. तो आला तेव्हा काम अर्ध्यावर होतं, तो वारला 1619 मध्ये, मुख्य काम संपलं त्याच वर्षी. त्याचं बरंच आयुष्य गेलं गोव्यातल्या साष्टीत. राशोलला 1616 मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं : बायबलची कथा, मराठीत, ओवी छंदात, जवळजवळ 11 हजार ओव्या, आणि छपाई रोमन लिपीत. त्यात मराठी भाषेचं मनापासून कौतुक आहे, हे शाळेत आपण सगळे शिकतो. शिकत नाही ते एवढंच की या माणसानं घरी वडिलांना लिहिलेल्या पत्रामुळे इंग्रजांचं भारताकडे लक्ष गेलं, आणि 1583 मध्ये गोव्याच्या तुरुंगात पडलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याला आणि त्याच्या सोबत्यांना सोडवायलाही तोच धावला. फिचनं परत जाऊन सांगितलेल्या हकिकती पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या कामी आल्या.

पुराण 1649 आणि 1654 मध्येही छापलं गेलं. मग 1684 आलं. त्याच्या आदल्या वर्षी, 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री, संभाजी महाराजांच्या फौजेनं जुन्या गोव्यासमोरचं जुवे बेट घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमका संत कॅथरिनच्या सणाला, बेट सोडवायला गेलेला व्हिसरॉय काँदी द आल्व्होर मार खाऊन परतला. त्यानं झेवियरच्या शवपेटीपाशी आपली सत्तेची काठी ठेवून रक्षणाची विनवणी केली, असं सांगतात. मोगलांचा शाह आलम कोकणात उतरल्यानं मराठ्यांना माघारी वळावं लागलं आणि गोवा वाचला. त्याच व्हिसरॉयनं 27 जून 1684 रोजी फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावं आणि स्थानिक भाषा सोडावी. मार खाल्लेल्या राज्यकर्त्याला प्रजेच्या तोंडातली भाषा शत्रूची वाटू लागते, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो. क्रिस्तपुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज सापडत नाही. हाती उरल्या त्या हस्तलिखित प्रती. त्यातली देवनागरीतली एक लंडनमध्ये आहे. संपादक सालढाणांनी 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं, आणि बांदेलूंची देवनागरी आवृत्ती 1956 मध्ये आली.

जायचं कसं, तर पणजीहून कदंबची बस, साधारण दहा किलोमीटर. रेल्वेनं आलात तर करमळी स्थानक जवळ. प्रवेशाला पैसे नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसावं, फिरू नये. कॅथेड्रलमधून निघून व्हिसरॉयच्या कमानीतून खाली गेलं की दिवाडीची फेरीबोट मिळते. चालत जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या दिवाडी बेटावर होतं. ते पाडल्यावर देव पलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी गेला, आणि तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. सकाळी कॅथेड्रल, दुपारी दिवाडी-नार्वे असा बेत एका दिवसात बसतो.

डिसेंबर मात्र टाळावा. 3 डिसेंबरला झेवियरचं फेस्त असतं, त्याआधी नऊ दिवस नव्हेन चालतं आणि गोवाभरची माणसं लोटतात, त्यांत हिंदूही बरेच. दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन होतं, तेव्हा ‘गोंयच्या सायबा’ची पेटी बॉम जेझसमधून मिरवत कॅथेड्रलमध्ये आणतात. मागचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असं झालं. त्या दीड महिन्यात हे कॅथेड्रल आपल्या मापाच्या गर्दीनं भरतं. गर्दी बघायची तर पुढच्या, 2034 च्या सुमाराच्या शवप्रदर्शनाची वाट बघा. इमारत बघायची असेल तर ऑगस्टमधला कोणताही आडवार चालेल, छत्री तेवढी न्या.