अलका, किसना आणि पाळतीवरचं पोरगं

आमच्या हिवरा आश्रम गावाकडं पाऊस लांबला की घराघरातलं बोलणंच बदलतं. म्हणून पडद्यावरचा शेतकरी खोटा असला तर इथल्या माणसाला लगेच कळतं. ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९, दिग्दर्शक सतीश मनवर) मात्र खरा वाटतो, आणि त्याचं श्रेय मी पात्रलेखनाला देईन.

शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला, आता आपला नवराही तसंच करेल या धास्तीनं अलका (सोनाली कुलकर्णी) पोराला त्याच्या मागं पाठवते. किसना (गिरीश कुलकर्णी) शेतात गेला, पोरगं मागं. तो गप्प बसला, हिच्या पोटात गोळा. तिची भीती सांगायला लांबलचक संवाद लागत नाही, ती काय करते यातच सगळं येतं. शिवाय किसना नुसता ‘बिचारा’ नाही. तो चिडतो, हट्टानं पुन्हा पेरणीच्या मागं लागतो. कर्ज ही त्याची अडचण आहे, ओळख नव्हे.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ या चित्रपटातली सरकारी वकीलही (गीतांजली कुलकर्णी) अशीच. कोर्टात लोककलावंताविरुद्ध कलमं वाचणारी ही बाई लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते. लेखकानं तिला खलनायिका केली नाही, म्हणूनच ती जास्त अस्वस्थ करते.

मालिकांमध्ये हे क्वचित दिसतं. सासू पहिल्या भागात दुष्ट असली की शेवटपर्यंत दुष्टच! रोजचा भाग काढायची घाई समजते, पण माणूस एकाच सुरात जगत नाही. ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहिला नसेल तर एकदा घरच्यांसोबत बसून पाहाच.