मिटलेली पाने उघडणारे औषध

आपल्या अस्थिमज्जेत रोज अब्जावधी रक्तपेशी जन्मास येतात. जनुकांचा ग्रंथ साऱ्यांना एकच. तरी एक प्राणवायू वाहते, दुसरी जंतूंशी झुंजते. हे कसे? ग्रंथातील कोणती पाने मिटलेली राहावीत, हे डीएनएवरील मिथिल नावाची इवलीशी रासायनिक खूण बऱ्याच अंशी ठरविते.

काही रक्तविकारांत ह्या खुणा भलत्याच पानांवर बसतात. मग कोवळ्या पेशी परिपक्व न होताच वाढत राहतात.

१९६४ साली प्राग येथे पिस्काला व शोर्म ह्या रसायनज्ञांनी ॲझासायटिडीन सिद्ध केले. प्रथम ते पेशी मारणारे विष म्हणूनच वापरले गेले. १९८० साली पीटर जोन्स व शर्ली टेलर ह्यांनी दाखविले की, हे द्रव्य मिथिलची खूण उमटू देत नाही. पुढे अल्प मात्रेने उपचार सुरू झाले. २००४ साली अमेरिकेत मायलोडिस्प्लास्टिक विकारांवर त्यास मान्यता मिळाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अधिक धोक्याच्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान रूढ उपचारांनी १५ महिने, तर ह्या औषधाने सुमारे २४ महिने भरले.

रोग समूळ जात नाही. औषध थांबले की खुणा पुन्हा उमटू लागतात. तथापि आप्तांच्या सहवासातील नऊ महिने, हा हिशेब रुग्णाच्या घरी कोणी लहान म्हणणार नाही.