शून्य पाऊस आणि न नोंदलेला पाऊस : संशोधनाआधी फंक्शनल प्रोग्रामिंग का शिकावं?

एम.एस्सी. संपत आलेली मुलं-मुली हमखास विचारतात, "पायथन येतं, आता रिसर्चसाठी पुढे काय शिकू?" बहुतेकांना नव्या लायब्ररीचं नाव हवं असतं. माझं उत्तर थोडं वेगळं आहे : आधी विचार करायची एक वेगळी पद्धत शिका. तिला फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणतात. तिचा उपयोग काय, ते भोर-वेल्ह्याच्या पावसावरून सांगते.

पावसाचंच उदाहरण का?

वरंध घाटाच्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेला कापूरहोळ-नसरापूरकडे येईपर्यंत तो बराच ओसरतो. भोरमध्ये भाटघर आणि नीरा-देवघर, वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव. पुणे शहराचं पिण्याचं पाणी आणि नीरेच्या कालव्यांवरची शेती या धरणांवर अवलंबून आहे. म्हणजे इथला आकडा चुकला, तर तो फक्त प्रबंधात चुकत नाही.

हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी ८:३० ला मागच्या २४ तासांचा पाऊस नोंदवतात. २.५ मिमी किंवा जास्त पडला तर तो 'पावसाचा दिवस', आणि ६४.५ मिमीपासून पुढे 'जोरदार पाऊस'.

एकच ओळ दोनदा चालली तर?

समजा, तुमच्याकडे इंचांतली जुनी नोंदवही आहे. तुम्ही नोटबुकमध्ये पावसाचा रकाना २५.४ ने गुणता आणि उत्तर त्याच रकान्यात परत लिहिता. थोड्या वेळाने तोच सेल पुन्हा चालवला जातो. ४ इंचाचे १०१.६ मिमी व्हायला हवे होते, ते २५८० च्या वर जातात. हे लगेच डोळ्यांत भरेल. पण ०.१ इंचाचं काय? आधी २.५४ मिमी, म्हणजे जेमतेम पावसाचा दिवस. दुसऱ्यांदा गुणल्यावर ६४.५१६ मिमी, म्हणजे थेट 'जोरदार पाऊस'. जुलैत वेल्ह्यात हा आकडा कुणालाच खटकणार नाही. मोठे आकडे तुम्ही 'आउटलायर' म्हणून काढून टाकाल आणि हा छापून येईल.

फंक्शनल पद्धतीत मूळ रकान्याला हातच लावत नाहीत. 'इंचाचे मिमी' हे फंक्शन एक यादी घेतं आणि नवी यादी देतं. तेच इनपुट दिलं की उत्तर तेच, मग सेल एकदा चालवा की दहादा. याला प्युअर फंक्शन म्हणतात. गाइडने सहा महिन्यांनी "हा आलेख परत काढून दाखव" म्हटलं, की याची किंमत कळते.

शून्य वेगळं, रिकामं वेगळं

पाच दिवसांच्या नोंदी पाहा : ४०, ०, रिकामी, ६०, २०. रिकाम्या जागी शून्य धरलं तर सरासरी २४ येते. ती वगळली तर ३०. आता विचार करा, नोंद कधी राहते? जोरदार पावसात रस्ता बंद झाला, म्हणूनही राहू शकते. म्हणजे सगळ्यात ओल्या दिवसाला आपण कोरडा ठरवून बसलो!

'नल' ही कल्पना १९६५ मध्ये आणणारे टोनी होअर यांनीच पुढे २००९ मध्ये तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. हॅस्केल भाषेत यावर 'मेबी' नावाचा टाइप आहे : एक तर मूल्य आहे, किंवा काहीच नाही. दुसऱ्या शक्यतेचं काय करायचं हे सांगितल्याशिवाय त्या मूल्याची बेरीज करताच येत नाही. निर्णय तुमचाच असतो, फक्त तो न घेता पुढे सरकता येत नाही.

शिकायचं कुठून?

सुरुवात पायथनमध्येच करा. मॅप (प्रत्येकावर तीच क्रिया), फिल्टर (हवे तेवढे निवडा) आणि रिड्यूस (सगळ्यांचं मिळून एक उत्तर) एवढी तीन हत्यारं नीट वापरा. मग जॉन ह्यूज यांचा 'व्हाय फंक्शनल प्रोग्रामिंग मॅटर्स' हा निबंध वाचा. लहान फंक्शनं जोडून मोठा प्रोग्राम कसा उभा राहतो, हे त्यात फार छान उलगडलंय. एबल्सन आणि सस्मन यांचं १९८५ चं 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कम्प्युटर प्रोग्राम्स' नेटवर मोफत आहे. ते सावकाश, उदाहरणं सोडवत वाचा. ऐकून शिकायचं असेल तर एनपीटेलवर माधवन मुकुंद यांचा हॅस्केलचा कोर्स आहे.

हे सगळं परदेशातलं खूळ वाटत असेल, तर एक माहिती : पुणे विद्यापीठात रुस्तम मोडी यांनी गोफर या फंक्शनल भाषेत शिकवण्यासाठी फेरफार करून 'पुगोफर' केलं होतं. ही विद्या आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ८:३० ची नोंद आजच्या तारखेला लावायची की कालच्या, हे कुठलीच भाषा सांगणार नाही. ते नोंदवही समजून घेऊन तुम्हालाच ठरवावं लागेल.

या आठवड्यासाठी गृहपाठ : तुमची एक जुनी नोटबुक उघडा आणि सगळे सेल वरून खाली दोनदा चालवा, मधे रीस्टार्ट न करता. दोन्ही वेळचं उत्तर सारखं आलं नाही, तर ज्या सेलमध्ये ते बदललं तिथूनच फंक्शन लिहायला घ्या.